बेफानाला दिलेला शब्द

आर्मिदाने मोजा उलटा करून टाचेत भोक नाही ना ते पाहिलं आणि तळाशी संत्रं ढकललं. संत्रं नेहमी तळाशीच. त्यावर अक्रोड, मग दोन सुके अंजीर, मग शिट्टी, भोवरा किंवा रंगीत खडू, जे हाताला लागेल ते, आणि सगळ्यात वर मूठभर गोळ्या. सगळा स्वस्तातला माल. खेळणी चिन्यांच्या दुकानातून खोक्याने आणलेली, अंजीर कोणाच्या तरी परसातले. मोन्तेलोरोच्या क्लबात लांब टेबल मांडून गावच्या पोरांचे मोजे असेच भरले जात, आणि एकाचा मोजा दुसऱ्याच्या मोज्यापेक्षा फुगीर दिसता कामा नये असा नियम होता. औषधाच्या दुकानदाराचा मुलगा असो की मेंढपाळाची मुलगी, सहा जानेवारीला बेफाना, झाडूवरून येणारी गोष्टीतली म्हातारी, सगळ्यांना सारखंच देते. एरवी वर्षभर या गावात कोण कोणाला सारखं देतं, हे कोणी विचारायचं नाही.

"तो तिसरा अंजीर काढ," ओर्नेल्ला म्हणाली.

"कुठला?"

"अगं, मला काय आंधळी समजतेस? नोएमीच्या मोज्यातला. आणि ती केसांच्या चिमट्यांची जोडी पण काढ. बाकीच्या पोरींना चिमटे आहेत का?"

आर्मिदाने दोन्ही काढून टेबलावर ठेवलं. ओर्नेल्ला तिची लहानपणापासूनची मैत्रीण. किराणा दुकान चालवते आणि गावातली भांडणंही तीच मिटवते. दुसरं कोणी हे बोललं असतं तर आर्मिदाने त्याची बिनपाण्याने केली असती. पण नोएमी यंदा येणार होती ती केवळ ओर्नेल्लाने रदबदली केली म्हणून, त्यामुळे तिला मूग गिळून बसावं लागलं.

नोएमी आर्मिदाची नात. सात वर्षांची. गल्ली ओलांडली की तिचं घर, आणि त्या घरात आर्मिदाला पाऊल टाकायची बंदी.

आता यात चूक कोणाची म्हणाल, तर गावाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आर्मिदाचा मुलगा इवानो बायकोला सोडून खाली किनाऱ्यावरच्या एका केशभूषावालीकडे राहायला गेला. इथवर सूनबाई सबिनाने सासूला बोल लावला नाही. पण पुढे कळलं की ती बाई इवानो अजून घरात राहत होता तेव्हापासूनच आर्मिदाकडे रविवारी जेवायला येत होती. सबिना दवाखान्यात कामाच्या पाळीवर असायची, नोएमी शेजारणीकडे, आणि इकडे सासूबाई त्या दोघांना हाताने लाटलेल्या शेवया वाढत होत्या. वर्षभर. "मुलगा आहे माझा, दारातून हाकलू?" असं आर्मिदा म्हणाली. सबिना एवढंच म्हणाली, "त्याला नका हाकलू. मला मात्र सांगायचं होतंत." त्यानंतर तिने दार लावून घेतलं. मुलगाही पुढे फिरकला नाही, ते वेगळंच. ज्याच्यासाठी आर्मिदाने तोंडाला कुलूप घातलं होतं, तो आता नाताळलाही फोनवर दोन मिनिटं बोलून मोकळा व्हायचा.

आर्मिदाला हे सगळं पटत होतं. चूक आपली हेही पटत होतं. पण पटलं म्हणून नातीची ओढ कमी होते असं थोडंच आहे? नोव्हेंबरपासून ती मधल्या सुट्टीच्या वेळेला शाळेच्या मागच्या कुंपणाशी जाऊन उभी राहू लागली. पोरगी पळत यायची. कधी भाजलेल्या चेस्टनटची पुडी, कधी गोळी, एकदा तर किल्लीला अडकवायची इवलीशी विजेरी. दाबली की निळा उजेड पडे. मोजे भरायला आणलेल्या खोक्यातलीच होती, फुटकळ.

"आईने विचारलं तर?" नोएमीने विचारलं होतं.

"तर सांग, वर्गात सापडली."

"पण सापडली नाहीये."

"एवढंसं चालतं गं," आर्मिदा म्हणाली होती.

सबिनाने ओर्नेल्लाच्या हाती निरोप पाठवला होता तो असा: "गावातली सगळी पोरं जाणार आणि माझी एकटी घरी बसवू? येऊ दे तिला. पण त्यांना सांगा, स्टेजवर बेफाना बनताय तर बेफानाच राहा म्हणावं. आजीपणा करायचा नाही. केलात, तर मी पोरीला घेऊन माझ्या बहिणीकडे पेरुजाला निघून जाईन, कायमची."

आर्मिदाने कबूल केलं. नातीसमोर पाच मिनिटं उभं राहायला मिळणार होतं, तोंडावर पुठ्ठ्याचं नाक लावून का होईना. तेवढ्यासाठी तिने काहीही कबूल केलं असतं.

बेफाना व्हायला गावात आर्मिदाचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा गेल्यापासून तीच हे काम करत आली होती. आधीची बेफाना नुसते मोजे वाटायची आणि खोकत खोकत निघून जायची. आर्मिदाने त्यात गंमत आणली. झाडू घेऊन, फाटकी शाल पांघरून, वाकडं नाक लावून ती स्टेजवर बसायची आणि घोगऱ्या आवाजात एकेका पोराचं नाव पुकारायची. पोराने वर येऊन वर्षभरात केलेली एक खोडी स्वतःच्या तोंडाने सांगायची. "मला माहीतच आहे," बेफाना म्हणायची, "पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझ्यापुढे खोटं चालत नाही." खोडी सांगितली की हातावर साखरेचा काळा कोळसा. तो तिथेच खायचा. मग बेफाना विचारणार, "पुन्हा करशील?" पोर म्हणणार, "नाही," मग बेफानाची शाब्बासकी आणि मोजा. कोळसा खाल्ला की खोडी संपली, आणि बेफानाला दिलेला शब्द मोडायचा नाही. मोडला तर पुढच्या वर्षी मोज्यात साखरेचा नव्हे, शेगडीतला कोळसा. आया खूश होत्या. वर्षभर पोराला धाक घालायला हे बरं होतं. "तू बेफानाला शब्द दिलायस," म्हटलं की अंगठा चोखणारी पोरं अंगठा सोडत, आणि सोडतच. फादर फिओरेन्झो तर चेष्टेने म्हणायचे, "बाई, माझ्याकडे कबुली द्यायला कोणी येत नाही, आणि तुमच्याकडे रांग लागते."

सहा तारखेला दुपारी क्लब खच्चून भरला होता. ओल्या कोटांचा वास, मागे पुरुषांची वाइन, पुढे जमिनीवर बसलेली पोरं. आर्मिदाने नाकाच्या वरून पाहून घेतलं. सबिना खिडकीजवळ उभी होती, कोट न काढता. नोएमी पुढच्या रांगेत, दोन वेण्या घालून. वेण्या वाकड्या आल्या होत्या. सबिनाला वेण्या कधीच धड जमल्या नाहीत, असं आर्मिदाच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

औषधवाल्याचा मुलगा वर आला. त्याने बहिणीच्या ब्रशने कुत्र्याचे दात घासले होते.

"आणि ब्रश?"

"धुऊन परत ठेवला."

क्लब हसून हसून लोळला. बहिणीने तिथेच रडायला सुरुवात केली. मग एकाने आजोबांच्या कवळीत चिकणमाती भरली होती, एकीने ससा आहे असं सांगून भावाचं मांजर विकलं होतं. कोळसा, "पुन्हा करशील?", "नाही," मोजा. पुढच्या रांगेतली पोरं आता बेफानाच्या बरोबरीने ओरडू लागली होती: "पुन्हा करशील?"

"नोएमी," आर्मिदाने पुकारलं. आवाज घोगराच काढायचा होता, त्यामुळे तो कापला ते कोणाला कळलं नाही.

पोरगी वर आली आणि इतकी जवळ उभी राहिली की तिच्या केसांना येणारा साबणाचा वास आर्मिदाला आला. आजीपणा नाही. हात झाडूवरच.

"सांग बाई. मला माहीतच आहे, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"मी आजीशी बोलले," नोएमी म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं आणि मधेच थांबलं.  आर्मिदा घाईघाईने म्हणाली, "ही काही खोडी नाही. दुसरी सांग."

"हीच आहे," नोएमी म्हणाली. बेफानापुढे खोटं चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. "आजी शाळेच्या कुंपणाशी येते. मला खाऊ देते. आईला सांगायचं नाही म्हणते. तिने मला विजेरी दिली आणि आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं, वर्गात सापडली. मग आईने ती बाईंना परत द्यायला लावली आणि बाई म्हणाल्या, ही कोणाचीच नाही, आणि मी गप्प बसले. मला रोज पोटात दुखतं." तिने तळहात पुढे केला. "मला कोळसा दे."

 खिडकीकडे पाहायची आर्मिदाची हिंमत झाली नाही. नाक उपटून फेकावं, पोरीला पोटाशी धरावं आणि म्हणावं, बाळा, तुझी काही चूक नाही, चूक माझी आहे, असं तिला वाटलं. तेवढं केलं की पुढच्या आठवड्यात सबिनाचं सामान पेरुजाच्या वाटेला लागलं असतं. आणि सगळ्या पोरांसमोर बेफाना मेली असती ती वेगळीच. तिने टोपलीत हात घातला आणि कोळशाचा खडा पोरीच्या हातावर ठेवला. मोठा हाताला आला तो टाकून लहान शोधला. तिच्या हातून झालेलं तेवढंच.

नोएमीने तो तोंडात टाकला. दात काळे झाले. आर्मिदाने पुढचा प्रश्न विचारला नाही. तो तसाच राहिला असता तरी चाललं असतं, पण पोरांना कुठे ठाऊक. पुढची रांग एका सुरात ओरडली, "पुन्हा करशील?"

"नाही," नोएमी म्हणाली. "कुंपणाशी जाणार नाही. आजीशी बोलणार नाही. कधीच नाही." मग ती बेफानाच्या शाब्बासकीची वाट बघत उभी राहिली, कारण त्याशिवाय ते पुरं होत नव्हतं.

"शाब्बास," आर्मिदा म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचलं नसावं. नोएमी मोजा छातीशी धरून पायऱ्या उतरली ती अक्षरशः उड्या मारत. कित्येक आठवड्यांत ती इतकी हलकी झाली नव्हती. ते ओझं आर्मिदानेच चढवलं होतं आणि आर्मिदानेच उतरवलं होतं, आणि उतरवताना त्याच्यासोबत स्वतःलाही उतरवून टाकलं होतं.

"पुढचं नाव घे," ओर्नेल्ला पडद्यामागून कुजबुजली. आर्मिदाने पुढचं नाव घेतलं.

शाळा सुरू झाली तशी ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली. जाऊ नये हे कळत होतं. नोएमीने तिला पाहिलं, हातातला चेंडू मैत्रिणीकडे दिला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुट्टी संपेपर्यंत ती तशीच उभी होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी आजी आलीय." नोएमी म्हणाली, "मला माहितीये. मी शब्द दिलाय." थंडीत आवाज लांबून ऐकू येतो. आर्मिदा पुन्हा कुंपणाशी गेली नाही.

आणि गंमत बघा, नेमक्या त्याच आठवड्यात सबिना तिच्या दारात आली. आर्मिदाला वाटलं, आता पेरुजाचं सांगणार. सबिना उंबऱ्यातच उभी राहिली. पूर्वी ती "आई" म्हणायची. आता काहीच म्हणत नसे, सरळ बोलायला सुरुवात करायची.

"कुंपणाशी जात होतात ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "शाळेतल्या बाईंनी केव्हाच सांगितलं होतं. मी म्हटलं, जाऊ दे, लांबून बघतात."

आर्मिदाने दार पूर्ण उघडलं.

"पण पोरीला खोटं बोलायला शिकवाल असं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटायला हवं होतं. तुमच्या घरात तेच चालतं." सबिनाने श्वास घेतला. "हे सांगायला आले नाही मी. परवा रात्री तिने मला विचारलं, आजीचं नाव प्रार्थनेत घेतलं तर ते बोलणं धरतात का. माझ्या पोरीला आजी म्हणजे पाप वाटायला लागलंय. तुमचा राग मला आहे, तिला नको होता. तिला तुमचा कंटाळा आला असता, वैताग आला असता, तर चाललं असतं. हे नको होतं. रविवारी कॉफीला या. उजळ माथ्याने या, पुढच्या दाराने."

इतक्या दिवसांनी हे ऐकायला मिळालं आणि आर्मिदाच्या डोळ्यांत पाणी आलं. सबिनाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून निघून गेली.

रविवारी आर्मिदा बडीशेपेची बिस्किटं करून घेऊन गेली. स्वयंपाकघरात कॉफी उकळत होती. नोएमीच्या खोलीचं दार बंद होतं.

"नोएमी, आजी आलीय. मी बोलावलंय तिला. ये बाहेर."

"नाही येणार."

"अगं, मी सांगतेय ना, माझी हरकत नाही आता."

"तुला शब्द नाही दिलेला," आतून उत्तर आलं. "बेफानाला दिलाय. पुढच्या वर्षी आली की तिला विचारेन. ती हो म्हणाली तर बोलेन."

सबिनाने आर्मिदाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, दमणूक होती. "दोन दिवस समजावतेय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "ऐकत नाही. बेफाना खोटी असते हे मी नाही सांगणार तिला. तो खेळ तुमचा. तुम्हीच निस्तरा."

आर्मिदा कप खाली ठेवून दारापाशी गेली. पुढच्या वर्षापर्यंत थांबावं का, असं तिच्या मनात आलं. पण पुढचं वर्ष म्हणजे पोर आठ वर्षांची, आणि आठ वर्षांच्या पोरांना शाळेतलं कोणी ना कोणी सांगतंच. आणि आपलं वय? या वयात माणसाला वर्षभर वाट बघायला सांगणं म्हणजे काय, हे आर्मिदाला दवाखान्यात रोज म्हातारी माणसं बघणाऱ्या सबिनापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. एकदा सोडवून टाकलं की संपलं, असं तिने ठरवलं. घसा खाकरून तिने तो आवाज काढला, घोगरा, नाकातला.

"नोएमी बाई, मी बेफाना बोलतेय. त्या शब्दातून तुला मोकळं केलंय. बोल आजीशी."

 आत पलंग करकरला आणि दार उघडलं. नोएमीने आधी दाराबाहेर दोन्हीकडे पाहिलं. मग आजीच्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"परत बोल."

आर्मिदाने परत तो आवाज काढला, या वेळी अर्धाच.

"तूच होतीस," नोएमी म्हणाली.

"हो बाळा. मीच. म्हणून तर सांगतेय, तो शब्द मोडला तरी चालतो."

पोरगी विचार करत होती. कपाळावर आठी पडली होती, थेट इवानोसारखी. आर्मिदाला वाटलं आता ती हसेल, किंवा बेफाना खोटी निघाली म्हणून रडेल. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. त्यासाठी तिने हातही पुढे केले होते.

"म्हणजे खोटं बोलायला कोणी सांगितलं ते तुला माहीत होतं."

"हो."

"आणि कोळसा मला दिलास."

आर्मिदाचे हात पुढेच राहिले. बोलायला बरंच काही होतं: सबिनाला दिलेली कबुली, भरलेला क्लब, पुढच्या रांगेतली पोरं, शोधून काढलेला लहान खडा. यातलं काहीही सात वर्षांच्या पोरीला सांगण्याजोगं नव्हतं. नोएमीने थोडा वेळ वाट पाहिली, खरोखरच उत्तराची वाट पाहिली, आणि मग दार लोटून आतून कडी घातली.